स्प्लेंडर २००२: कार्बोरेटर ओव्हर होत होता, गॅरेजवाल्याने नळीच बुजवली, आता ऑइलला पेट्रोलचा वास येतोय

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. वडिलांची हिरो होंडा स्प्लेंडर आहे, २००२ ची, गावी कराडजवळ. रोज शेतावर जायला आणि डेअरीला दूध घालायला तीच गाडी, दोन्ही बाजूला कॅन लटकवून. मी पुण्याला असतो, सुट्टीला आलो की गाडीकडे बघणं होतं.

पावसाळ्यात पेट्रोल टपकायला लागलं. कार्बोरेटरच्या वाटीखालून जी बारीक रबरी नळी खाली सोडलेली असते ना, तिच्या तोंडातून. गावात गॅरेजला दिली, त्याने कार्बोरेटर धुतला आणि निडल बदलली, चार दिवस बरं वाटलं मग परत तेच. मग फ्लोट बदलला, परत तेच. शेवटी त्या माणसाने काय करावं, नळीच्या तोंडात एक स्क्रू कोंबला, वरून तार आवळली आणि वडिलांना म्हणाला काका आता एक थेंब पडायचा नाही. आणि खरंच पडत नव्हता, वडील खूश.

आता मी आलोय तर वेगळंच चाललंय. सकाळी गाडी लवकर स्टार्ट होत नाही, किक मारून मारून पाय दुखतो, चालू झाली की आधी भकाभका काळा धूर सोडते. एअर फिल्टरच्या डब्याखाली ओलं असतं. म्हणून ऑइलची काडी काढून बघितली तर ऑइल वरच्या खुणेच्या पण वर, पातळ, आणि वास चक्क पेट्रोलचा. वडील म्हणतात ऑइल मी टाकलेलंच नाही, मग वाढलं कुठून?

गाडी कायम साइड स्टँडला लावतात, अंगणाला जरा उतार आहे, आणि पेट्रोलचा कॉक बंद करायची पद्धत आमच्या घरात नाही. इंजिनाचं काम निघालंय का? का नवीन कार्बोरेटरच टाकून मोकळा होऊ? लोकल स्वस्तात मिळतोय असं ऐकलं.

नगरी_बुलेट

भावा हे सगळं ई२० चं, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं पाप आहे. माझ्या पण गाडीचे रबर असेच गेले. जुन्या गाड्या विकून टाका नाहीतर असंच चालणार, सरकारला तेच पाहिजे.

गॅरेजवाला_मामा

कृष्णाकाठ, बाळा आधी गाडी बंद ठेव. वडिलांना सांग आज दूध दुसऱ्या कुणाच्या गाडीवर पाठवा. इंजिनाचं काम निघालं का म्हणतोस तर बहुतेक अजून नाही निघालं, पण हे ऑइल घालून अजून पळवली तर नक्की निघेल. पेट्रोल मिसळलेलं ऑइल पाण्यासारखं पातळ होतं, मग कॅम, रॉकर, क्रँकचं बेअरिंग सगळं कोरडं घासतं.

ऑइल वाढलं कुठून ते सांगतो. कार्बोरेटरच्या खालच्या वाटीत पेट्रोल साठतं, त्यावर फ्लोट तरंगतो, पेट्रोल ठरलेल्या पातळीला आलं की फ्लोट निडलला वर ढकलतो आणि येणारं पेट्रोल बंद होतं. निडल नीट बसली नाही तर पातळी चढतच राहते. अशा वेळी जादा पेट्रोल बाहेर पडावं म्हणून कंपनीने ती ओव्हरफ्लोची नळी दिलेली असते. ती नळी गळते म्हणजे ती आपलं काम करते आहे, दुखणं वरती आहे. तुझ्या त्या गॅरेजवाल्याने दुखणं तसंच ठेवलं आणि वाट तेवढी बुजवली. आता पेट्रोल जाणार कुठं? थोडं मागं फिल्टरच्या डब्यात, म्हणून तिथं ओलं, आणि बाकीचं पुढं मॅनिफोल्डातून, म्हणजे कार्बोरेटर इंजिनाला जोडणाऱ्या पाइपातून, इंजिनात. स्प्लेंडरचा सिलेंडर जवळजवळ आडवा असतोय आणि मॅनिफोल्ड वरून खाली उतरतं, त्यामुळं पेट्रोलला तिकडं जायला काही त्रासच नाही. इन्टेक वॉल्व उघडा राहिला असला की सिलेंडरमधे, तिथून रिंगांच्या फटीतून खाली ऑइलमधे. रात्रभर कॉक उघडा असल्यावर टाकीतलं पेट्रोल निवांत उतरत राहतं.

आणि एक, कधी किक खाली जायलाच तयार नसली तर जोर लावून उडी मारू नका. सिलेंडरमधे पेट्रोल भरलेलं असू शकतं, पेट्रोल दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

आता काय करायचं ते असं. कॉक बंद कर. तो स्क्रू काढ, खाली डबा धर कारण आतलं बदाबदा येईल. प्लग काढ, प्लगची कॅप वायरीसकट लांब बांध, चावी बंद ठेव, मग दहाबारा किका मार. प्लगच्या भोकातून पेट्रोलचा फवारा उडतो, त्याच्याजवळ कॅपची ठिणगी पडली तर भडका होतो, म्हणून कॅप लांब म्हणतोय. नंतर ऑइल गरम न करता तसंच सोडून दे. नेहमी आपण गाडी गरम करून ऑइल सोडतो, इथं ते करायचं नाही. एअर फिल्टर पेट्रोलने भिजलेला असेल तर तो पण बदल.

मग मूळ दुखणं कुठं आहे ते शोधू. आत्ताच कार्बोरेटर विकत घेऊ नको.

पुणेरी_पाना

मामांनी बरोबर सांगितलंय. फक्त ऑइलमधे पेट्रोल आहे का हे बघायला काही जण काडीवरच्या ऑइलला काडेपेटी लावून बघतात, ते कृपया करू नका, मी हे डोळ्यांनी बघितलंय आणि तेही गॅरेजच्या दारात. पांढऱ्या कागदावर एक थेंब टाका, पेट्रोल असलं तर भोवती पातळ कडा लांब पसरते आणि नाक तर सांगतंच.

आणि थेंबाथेंबाने काय होतंय असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हिशोब. साधारण २० थेंबांचा एक मिली धरा. पाच सेकंदाला एक थेंब म्हणजे मिनिटाला १२, तासाला ७२०, म्हणजे ३६ मिली. रात्रीचे दहा तास धरले तर ३६० मिली. सेकंदाला एक थेंब असेल तर रात्रीत पावणेदोन लिटरच्या वर. स्प्लेंडरच्या इंजिनात सगळं मिळून ऑइलच लिटरभराच्या आत असतं, त्यात ही भर पडली तर काडीवर काय दिसणार?

नगरी_बुलेट, ई२० वर राग समजू शकतो पण इथे गल्लत नको. इथेनॉलने जुने रबर फुगतात, कडक होतात, हे खरं. २००२ ची गाडी बनली तेव्हा इथेनॉलचा विचार कुणी केला नव्हता, ५ टक्क्यांची सुरुवातच २००३ ला झाली आणि ई२० पंपावर यायला लागलं २०२३ पासून. तेव्हा कॉकमधला रबर, निडलचं रबरी टोक, ओ रिंग, पेट्रोलची नळी यावर संशय घ्या, जरूर घ्या. पण इथे निडल नवी, फ्लोट नवा, तरी गळतंय. त्याला ई२० म्हणून हात झटकले तर शोध तिथेच संपतो.

कृष्णाकाठ

मामा, पाना, मनापासून आभार. स्क्रू काढला, वाटीतून येणार तेवढं आलंच पण फिल्टरच्या डब्यातून पण चांगलं अर्धा कप निघालं. वडील बघून गप्पच झाले, म्हणे एवढं पेट्रोल जात होतं होय. ऑइल सोडलं, अक्षरशः चहासारखं पातळ आलं.

आता पुढे शोध कसा घ्यायचा? माझ्याकडे पाने आहेत, पक्कड आहे, स्क्रू ड्रायव्हर आहेत. कार्बोरेटर उतरवायची हिंमत आहे.

गॅरेजवाला_मामा

हिंमत आहे म्हणजे निम्मं काम झालं. पण कार्बोरेटरला हात लावायच्या आधी कॉक तपास. लोक सगळे कार्बोरेटरच्या मागं लागतात आणि कॉककडं कुणी बघत नाही.

कार्बोरेटरच्या बाजूची नळी काढ, प्लास्टिकची पाण्याची बाटली घे, नळीचं टोक त्यात सोड. कॉक बंद वर ठेव. रात्रभर तसंच राहू दे. बाटली अंगणात, घरात नाही, चुलीजवळ तर अजिबात नाही. सकाळी बाटली कोरडी पाहिजे. तळाला पेट्रोल दिसलं तर कॉक बंद होतच नाही, त्याच्या आतलं चार भोकांचं रबरी पॅकिंग गेलं. मग तू रोज कॉक बंद केलास तरी उपयोग शून्य.

सकाळी कॉक चालू करून बघ, धार सलग पडते का तुटक. मग रिझर्व्हला बघ. तुटक पडत असली तर आतली जाळी गाळाने भरली आहे. गाळ असला तर तोच गाळ निडलखाली जाऊन अडकत असणार. एवढं करून मग सांग.

कॉक टाकीला बसतो तिथं, आणि दांडीच्या मागं, बोट फिरवून वास घे. पेट्रोल उडून गेलं तरी तिथं पिवळट तपकिरी चिकट डाग राहतो. जुनी गळती अशी खूण ठेवते.

आरएक्स_प्रेमी

मधेच घुसतोय पण टाकी पण बघा हां. माझ्या आरएक्स १०० ला मी कॉक बदलला, नळ्या बदलल्या, वाटीचं पॅकिंग बदललं, आणि गळती निघाली टाकीच्या मागच्या बाजूला खालच्या शिवणीत, सुईच्या टोकाएवढं भोक. पेट्रोल टाकीच्या पोटावरून वाहत वाहत पुढे कॉकवर यायचं आणि तिथून टपकायचं, त्यामुळे सगळे कॉककडे बोट दाखवायचे. पेट्रोल जिथून पडतं तिथूनच गळत असतं असं अजिबात नाही.

पकडायची युक्ती अशी की सगळं स्वच्छ पुसून कोरडं करा, मग बाळाची पावडर घ्या, टाकीच्या खालच्या बाजूला, कॉकभोवती, नळीवर भुरभुरा. अर्ध्या तासाने टॉर्च मारून बघा. पेट्रोल जिथून सुरू होतं तिथपासून पावडरमधे काळपट ओली रेघ उमटते आणि रेघेचं वरचं टोक म्हणजे तुमचा चोर. टॉर्च बॅटरीची हो, कुणी मेणबत्ती घेऊन बसू नका.

पाणी पेट्रोलपेक्षा जड असतं ना, त्यामुळे झाकणातून गेलेलं पावसाचं पाणी टाकीच्या तळाला बसतं आणि आतूनच गंज धरतो. बाहेरून टाकी चकाचक असते.

दोनचाकी_ताई

आरएक्स_प्रेमी, मग त्या भोकाचं काय केलंत? लोक लगेच वेल्डिंगवाल्याकडे टाकी घेऊन जातात म्हणून विचारतेय. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते, कारण आत राहिलेली वाफ आणि हवा यांचं मिश्रण स्फोटालाच टपलेलं असतं. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशाच्या आसपाससुद्धा पेट घेऊ शकते, आपल्याकडे तर कुठल्याही मोसमात घेईल.

आणि ही वाफ हवेपेक्षा जड असते, वर जाऊन निघून जात नाही, जमिनीलगत पसरते. आमच्या सोसायटीत पार्किंगला लागूनच एकाचं बाथरूम आहे, त्यात गॅस गिझर. शेजारी एक जुनी स्कूटर महिनोन् महिने टपकत उभी होती, मालकाला सांगून थकलो, शेवटी सगळ्यांनी मिळून ती ढकलत गेटबाहेर नेऊन ठेवली तेव्हा त्याला जाग आली. कृष्णाकाठ, तुमच्या अंगणात गाडी कुठे उभी असते? तुळशीजवळ दिवा, गोठ्यात धूर करणं, पाणी तापवायचा बंब, हे सगळं मनात धरा.

आरएक्स_प्रेमी

ताई, वेल्डिंग नाही केलं. रेडिएटरचं काम करणारा एक जुना कारागीर आहे आमच्याकडे, त्याने टाकी आधी गरम पाणी आणि कपड्याच्या पावडरने कितीतरी वेळा धुतली, रात्रभर पाणी भरून ठेवली, आणि काम करताना पण टाकीत पाणी भरलेलंच ठेवलं, फक्त भोकाची जागा वर येईल अशी तिरकी करून. मग डाख लावला. आधीच्या माणसाने एम सील लावलं होतं तेही ओल्या जागेवर, ते चिकटतच नाही, खपलीसारखं निघून आलं.

रस्त्यात अडकलात तर कपडे धुवायचा साबण भोकावर घासून कोंबा, साबण पेट्रोलात विरघळत नाही, घरापर्यंत येता येतं. पण घरापर्यंतच. आमच्या भागात साबणावर वर्षभर गाडी चालवणारे महाभाग आहेत.

कृष्णाकाठ

अपडेट देतो. पावडर मारून बघितली, टाकी कोरडी ठणठणीत. पेट्रोलची नळी कॉकच्या बाजूला चिरल्यासारखी दिसत होती, वाकवली की भेगा दिसायच्या, ती बदलली क्लिपांसकट.

बाटलीत मात्र सकाळी बोटभर पेट्रोल होतं, कॉक बंद असताना! म्हणजे मामा तुम्ही म्हणालात ते बरोबर, कॉक बंदच होत नाही. चालूला धार चांगली आहे, रिझर्व्हला जरा मंद.

कार्बोरेटर उतरवून वाटी खोलली. तळाला थोडी तांबूस माती होती, पुसली. निडलचं टोक नवं कोरं, त्यावर कडा पडलेली नाही. फ्लोट हलवून कानाला लावला, आत पेट्रोल खुळखुळत नाही. मग एका व्हिडिओत बघितलं तसं कार्बोरेटर उलटा धरून पेट्रोलच्या नळीतून फुंकर मारली, हवा अजिबात जात नाही, सुलटा केला की जाते. म्हणजे निडल बसते आहे ना? तरीपण परत जोडून कॉक चालू केला की पाच मिनिटात ओव्हरफ्लोच्या नळीतून टप टप सुरू. डोकं चालेना झालंय.

नगरी_बुलेट

मी म्हणतो लोकल कार्बोरेटर टाक आणि विषय संपव. एवढा वेळ कुणाकडे आहे.

पुणेरी_पाना

वेळ त्याच्याकडे आहे, म्हणून तर करतोय :)

स्वस्त लोकल कार्बोरेटरबद्दल माझं मत वाईट आहे आणि ते मी लपवत नाही. वरून तसाच दिसतो, पण जेट (पेट्रोल मापून सोडणारं बारीक भोक) कुठला घातलाय, कार्बोरेटरच्या आतल्या पिस्टनची सुई कुठल्या मापाची, काही भरवसा नाही. गाडी चालू होते, पण मग आयडलिंग धरत नाही, अॅव्हरेज पडतं, आणि प्लग कायम काळा. वीस वर्षांहून जुना असला तरी कंपनीचा कार्बोरेटर आतून घासलेला नसेल तर त्याला लागणारे दोन तीन सुटे भाग बदलून तो पुन्हा चालतो. पिस्टन वरखाली हलवून बघ, खडखड ढिला झाला असेल तरच बदलायचा विचार कर.

आता मुद्द्याचं. तू सांगतोयस त्यावरून निडल निर्दोष आहे. उलटं धरून फुंकर ही चांगली परीक्षा आहे, त्यात ती पास झाली. म्हणजे पेट्रोल ठरलेल्या पातळीच्या वर जातच नाहीये, तरी बाहेर पडतंय. मग पातळीच्या खालीच कुठेतरी त्याला वाट मिळते आहे. मामा, मला जे वाटतंय तेच तुम्हाला वाटतंय का?

गॅरेजवाला_मामा

तेच. उभी नळी.

कृष्णाकाठ, वाटी हातात घे आणि आत बघ. वाटीच्या तळातून एक बारीक पितळी नळी उभी वर आलेली दिसेल, वरचं तोंड उघडं. पेट्रोल त्या तोंडाच्या वर चढलं तरच आत पडून खालच्या रबरी नळीतून बाहेर जायचं, असा तो हिशोब. पण ती पितळी नळी पातळ असते आणि तळाला वाटीत ठोकून बसवलेली असते. जुनी झाली की बुडाशी नाहीतर उभी चीर जाते. कधी साफ करताना कुणी तार घालून ढोसललेलं असतं, कधी वाटीत पाणी साठून पितळ खाल्लेलं असतं. चीर केसासारखी असते, नुसत्या डोळ्याला दिसत नाही.

चीर असली की काय होतंय बघ. पेट्रोल पातळीला यायच्या आधीच चिरेतून बाहेर. पातळी उतरली की फ्लोट खाली, निडल उघडी, अजून पेट्रोल येतंय, ते पण बाहेर. निडल बिचारी बंद व्हायला तयार आहे पण तिला बंद व्हायची वेळच येत नाही. आता तू सोन्याची निडल घातलीस तरी गळणारच. म्हणून तुझ्या गावच्या माणसाने भाग बदलले आणि गळती तशीच राहिली. नळी बुजवल्यावर पेट्रोल इंजिनात गेलं ते मात्र या चिरेमुळं नाही, वाटीतली ती तांबूस माती मधेमधे निडलखाली अडकत असणार.

परीक्षा सोपी आहे. वाटीच्या तळाचा ड्रेनचा स्क्रू घट्ट आवळ. खालची रबरी नळी काढून टाक. दोन विटा ठेव, त्यावर वाटी सपाट ठेव, खाली वर्तमानपत्राचा कोरडा कागद. वाटीत पेट्रोल ओत, पितळी नळीच्या तोंडाच्या जरा खालपर्यंतच, तोंडावरून जाऊ देऊ नको. दहा मिनिटं हात लावू नको. कागदावर ओला ठिपका उमटला आणि पेट्रोल खालच्या नॉझलमधून आलेलं दिसलं तर उभी नळी फुटली. ठिपका ड्रेनच्या स्क्रूच्या बाजूला असला तर त्या स्क्रूचं वायसर गेलं, ते स्वस्तात सुटलं. दोन्ही बाजू नीट बघ, घाई करू नको. सावलीत कर, उन्हात पेट्रोल उडून जातं आणि ठिपका कळत नाही.

दोनचाकी_ताई

आणि हे करताना वडिलांना विडी पेटवू देऊ नका :) सहज आठवलं, आमच्या आजोबांना गाडी खोलली की हमखास विडीची तल्लफ यायची.

कृष्णाकाठ

ताई, वडील तंबाखूवाले आहेत त्यामुळे ती भीती नाही.

मामा, निघाली! सकाळी ओसरीवर विटा मांडून केलं तुम्ही सांगितलं तसं. आधी काही दिसेना, मला वाटलं हे पण नाही. मग नॉझलच्या टोकाला एक थेंब फुगत फुगत आला, लोंबला आणि पडला. ड्रेनचा स्क्रू कोरडाच. नंतर वाटी रिकामी करून पुसली आणि मोबाइलचा कॅमेरा झूम करून बघितलं तर पितळी नळीच्या बुडाशी एका बाजूला उभी बारीक काळी रेघ, नखाने पण लागत नाही. ही रेघ आमच्या घरातलं एवढं पेट्रोल पीत होती. वडिलांना दाखवली तर चष्मा लावून बराच वेळ बघत होते आणि मग त्या गॅरेजवाल्याला जे काही बोलले ते इथे लिहिता येणार नाही.

आता ही नळी मिळते का? का डाख लावून घेऊ?

गॅरेजवाला_मामा

डाख लावता येतो पण वाटी जस्ताच्या मिश्रणाची असते, जास्त तापली की तीच वाकते नाहीतर ढासळते. हात बसलेला माणूस असला तर करेल, नाहीतर नाद सोड. नळी ठोकून काढून त्याच मापाची दुसरी बसवणारे पण आहेत, पण मला विचारशील तर अख्खी वाटीच बदल. कराडात जुन्या पार्टची दुकानं फिर, स्प्लेंडरचे भंगारातले कार्बोरेटर ढिगाने पडलेले असतात. आपली वाटी बरोबर घेऊन जा आणि भोकाला भोक, स्क्रूला स्क्रू ताडून घे, मॉडेलप्रमाणे थोडा फरक असतो. घ्यायच्या आधी तीच पेट्रोलची परीक्षा दुकानातच कर, लाजू नको, नाहीतर एक फुटकी देऊन दुसरी फुटकी आणशील.

वाटीची ओ रिंग नवीन घाल. जुनी पेट्रोलात फुगलेली असते, ती खाचेत परत बसत नाही, दाबून बसवलीस तर कुठंतरी चिमटते आणि नवीन गळती सुरू.

कॉकचं पण आत्ताच उरक. टाकी रिकामी करून कॉक काढ, काहींना मोठं नट असतं काहींना दोन स्क्रू. आतली जाळी ब्रशने धू. पॅकिंगचा सेट मिळाला तर तो घाल, नाहीतर नवीन कॉकच घे, फार महाग वस्तू नाही. रिझर्व्हला धार मंद म्हणालास ना, म्हणजे तळाला गाळ आहे. टाकीत थोडं पेट्रोल घालून हलवून दोनदा ओतून टाक, फडक्यातून गाळून बघ काय निघतं.

पुणेरी_पाना

सगळं जोडल्यावर एक शेवटची तपासणी. ड्रेनच्या नॉझलला पारदर्शक नळी लाव, तिचं दुसरं टोक वर उचलून वाटीच्या बाजूने उभं धर, कॉक चालू कर आणि ड्रेनचा स्क्रू थोडा सैल कर. वाटीत पेट्रोल जिथपर्यंत आहे तिथपर्यंत नळीत दिसेल. गाडी डबल स्टँडवर सरळ उभी पाहिजे. पेट्रोल वाटीच्या जोडाच्या थोडं खाली येऊन थांबलं आणि दहा मिनिटं हललं नाही तर फ्लोट आणि निडल दोन्ही ठीक. हळूहळू चढत राहिलं तर निडल पाझरते आहे, मग तिच्या बैठकीत माती अडकली आहे का बघ.

साइड स्टँड आणि उतार याने गळती सुरू होत नाही पण आधीच काठावर असलेल्या फ्लोटला ते पुरतं. काकांना डबल स्टँडची सवय लावता आली तर बघ, दुधाचे कॅन असताना कठीण आहे हे कळतं. निदान घरी आल्यावर तरी.

नवीन ऑइल घातलंस की आठवडाभर रोज सकाळी काडी बघ. स्प्लेंडरला काडी आत टेकवून बघायची, पिळून घट्ट करायची नाही, नाहीतर पातळी चुकीची दिसते. आणि पहिलं ऑइल थोडं चालवून लवकर बदल, आत राहिलेलं पेट्रोल त्याबरोबर जाईल.

कृष्णाकाठ

झालं सगळं. वाटी जुन्या बाजारात मिळाली, दुकानदार आधी हसला मग त्याने स्वतःच पेट्रोल आणून दिलं, पहिली वाटी फुटकीच निघाली! दुसरी चांगली होती. ओ रिंग नवीन, कॉक नवीन. टाकीतून फडक्यावर चहाच्या गाळासारखा गंज निघाला. पारदर्शक नळीत पेट्रोल जोडाच्या खाली येऊन थांबलं, मी जेवून आलो तरी तिथेच. काल रात्री मुद्दाम कॉक चालू ठेवून गाडीखाली वर्तमानपत्र अंथरलं होतं, सकाळी कोरडं. दुसऱ्या किकला स्टार्ट. ऑइल खुणेवर.

ते काढलेलं पेट्रोलमिश्रित ऑइल वडील गोठ्याच्या खांबांना वाळवीसाठी लावायचं म्हणतायत. चालेल ना?

दोनचाकी_ताई

नको. नुसतं जळकं ऑइल लोक लावतात पण यात पेट्रोल आहे, गोठ्यात लाकूड, कडबा, जनावरं. आणि विहिरीजवळ किंवा ओढ्यात तर अजिबात ओतू नका. बंद कॅनमधे भरून गॅरेजवर द्या, जुनं ऑइल गोळा करणारे तिथून घेऊन जातात.

आरएक्स_प्रेमी

अभिनंदन भावा. मामा आता माझं पण बघा, टू स्ट्रोक आहे, ऑइल वेगळ्या पंपाने जातं त्यामुळे काडी बघून काही कळत नाही. दोन दिवस उभी राहिली की सुरू होताना खूप ओढाताण करते आणि प्लग काढला तर ओला चिंब. बाहेर एक थेंब नाही.

गॅरेजवाला_मामा

बाहेर थेंब नाही म्हणजे आत चाललंय. टू स्ट्रोकला ते क्रँककेसमधे, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीत साठतं. कॉक बंद करून दोन दिवस ठेव, सहज सुरू झाली तर निडल बघ. तरी ओलाच निघाला तर आधी बाटली लाव, कॉकसुद्धा बंद होत नसणार. आणि नवीन धागा काढ, इथं सगळी खिचडी होईल.